पोट भरलं, हे कोण सांगतं?

लग्नाचा मांडव उठला होता. पाहुणे आपापल्या गावी गेले. आचाऱ्यांनी भांडी आवरली. मांडवामागे मात्र उरलेल्या भाताचा, बुंदीचा आणि शिऱ्याचा ढीग पडून राहिला. रात्री शेजारच्या घरची गाय दावं तोडून तिथं गेली. सकाळी पाहतात तो ढीग निम्मा झालेला!

घरच्या माणसांना आधी बरंच वाटलं. आजी म्हणाली, "खाऊ दे की! तिला कुठं रोज गोडधोड मिळतं?" दुपारी गाईने रवंथ करणं थांबवलं. संध्याकाळी ती खाली बसली. दात खाऊ लागली. शेण पातळ पडू लागलं. त्याला आंबूस वास येत होता. डोळे खोल गेले. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं, पण तोवर फार उशीर झाला होता. घराचा मीठमिरचीचा खर्च चालवणारी दुभती गाय गेली.

लोक म्हणाले, "हावरी होती. खाऊन खाऊन मेली."

वाचकहो, आम्हाला हे पटत नाही. या पाठात आम्ही त्या गाईची बाजू मांडणार आहोत. जनावराला भूक कशी लागते, ते कधी थांबतं आणि कधी थांबत नाही, हे नीट पाहिलं म्हणजे दोष कोणाचा, ते आपोआप कळेल.

पहिला कारभारी : पोट

गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतला पहिला कप्पा सर्वांत मोठा. त्याला कोठीपोट म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरच्या आसपास माल मावतो. गाय चरताना गवत अर्धवट चावून या कोठीत भरते. मग निवांत बसून थोडं थोडं पुन्हा तोंडात आणते आणि बारीक चावते. हेच रवंथ. चांगली वैरण मिळाली, तर गाय दिवसाकाठी ७-८ तास रवंथ करते.

वैरण भरड असते. ती जागा खूप अडवते आणि हळूहळू पचते. कोठी भरत आली की तिच्या भिंती ताणल्या जातात. तो ताण नसांच्या वाटेने मेंदूला कळतो. गाय मान वर करते, चरणं थांबवते. म्हणजे गवत खाणाऱ्या गाईला थांबवणारा पहिला कारभारी म्हणजे तिचं भरलेलं पोट.

आणखी एक गोष्ट. रवंथ करताना गाईच्या तोंडात लाळ सुटते. थोडीथोडकी नव्हे, दिवसाला शंभर लिटरच्या आसपास! आपण भज्यांत जो खाण्याचा सोडा घालतो, त्याच जातीचा क्षार या लाळेत असतो. कोठीपोटात कोट्यवधी बारीक जंतू वैरण आंबवत असतात. आंबवताना आम्ल तयार होतं. लाळेतला क्षार ते आम्ल मारतो आणि पोट ठिकाणावर राहतं.

आता भाताचं पाहा. शिजलेला भात मऊ. फार चावायला नको, रवंथ नको. म्हणून लाळही कमी. तो जागा थोडी अडवतो, पण त्यात पिष्ट भरपूर. कोठीतले जंतू त्यावर तुटून पडतात. काही तासांतच पोटात इतकं आम्ल साठतं की दही नासावं तसं सगळं आंबून जातं. मग अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. म्हणूनच त्या गाईचे डोळे खोल गेले होते. पुढे आम्ल रक्तात उतरतं आणि जनावर उठेनासं होतं. ज्वारी, गहू किंवा मका यांच्या पोत्यात तोंड घातलेल्या बैलाचंही हेच होतं.

थोडक्यात असं, की गाईचा ब्रेक गवतासाठी बनलेला आहे. भातासाठी तिच्याकडे ब्रेकच नाही. पोट ताणलं जाऊन 'पुरे' असं सांगेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं.

दुसरा कारभारी : जीभ

मग तिने तो भात तोंडात तरी का घेतला? इथे दुसरा कारभारी येतो. तो म्हणजे जीभ.

जीभ ही दारावरची राखणदार आहे. गोड लागलं तर बहुधा त्यात ताकद असते. कडू लागलं तर बहुधा त्यात विष असण्याचा धोका असतो. रानात हजारो पिढ्या काढताना जनावरांच्या जिभेत हा हिशेब मुरला आहे. म्हणून गाईला गोड आवडतं. वाळलेल्या वैरणीवर गुळाचं पाणी किंवा उसाची मळी शिंपडली, तर नको नको म्हणणारी गायही ती खाते. शेळी मात्र कडू पाल्याला तितकी बिचकत नाही. ती झुडपांचा पाला खाणारी. तिची राखणदार वेगळ्या शिकवणीची.

मांजराचं तर आणखी नवल. मांजराला गोड चव कळतच नाही. २००५ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी याचं कारण शोधलं. गोड ओळखण्याची खूण जिभेवर तयार व्हायला दोन भाग लागतात. मांजराच्या वंशात त्यांतला एक भाग मोडलेला आहे. वाघाचंही तसंच. मांस खाणाऱ्याला गोडाची पारख कशाला हवी? मांजर दुधावर जातं ते साखरेसाठी नव्हे, त्यातल्या स्निग्धासाठी आणि प्रथिनांसाठी.

जिभेची आवड कायम एकच राहत नाही. शरीराला जे कमी पडतं, त्याची चव गोड वाटू लागते. याचा एक सुंदर प्रयोग १९३६ साली अमेरिकेत झाला. बाल्टिमोर शहरातल्या कर्ट रिश्टर नावाच्या शास्त्रज्ञाने तो केला. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात. त्या काढल्या तर अंगातलं मीठ लघवीवाटे वाहून जातं आणि उंदीर थोड्याच दिवसांत मरतो. रिश्टरने अशा उंदरांपुढे साधं पाणी ठेवलं आणि शेजारी मिठाचं पाणीही ठेवलं. उंदरांनी मिठाचं पाणी भरपूर प्यायलं आणि ते जगले. त्यांना कोणी औषध सांगितलं नव्हतं. त्यांच्या जिभेनेच ते शोधलं.

आपल्या गोठ्यातही हे दिसतं. गाय भिंत चाटते, माती खाते, कधी हाडूक चघळते. आपण म्हणतो, "काय घाणेरडी सवय!" पण पुष्कळदा ती सवय नसते. तिच्या अंगात मीठ किंवा फॉस्फरस नावाचं खनिज कमी पडलेलं असतं. तिला मारू नये. खनिजांचं मिश्रण द्यावं, किंवा चाटण्याची वीट टांगावी. हाडं चघळू देणं मात्र धोक्याचं आहे. सडलेल्या हाडामांसात जिवावर बेतणारं विष तयार झालेलं असू शकतं.

तिसरा कारभारी : अंगाचा जमाखर्च

शरीर म्हणजे एक घरच आहे. खाल्लेलं अन्न ही जमा. श्वास, चालणं, दूध देणं, अंग ऊबदार ठेवणं, हा खर्च. हा जमाखर्च शरीरात रात्रंदिवस चालतो. शास्त्रज्ञ त्याला चयापचय म्हणतात.

जनावर हा हिशेब किती चोख ठेवतं पाहा. एडवर्ड अॅडॉल्फ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४७ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने उंदरांच्या खाद्यात न पचणारी भर घातली. खाद्याचं वजन वाढलं, कस मात्र उतरला. उंदरांनी काय केलं? ते जास्त खाऊ लागले. भर फार झाली नाही, तोवर त्यांनी आपल्या गरजेइतका कस पोटात नेलाच. म्हणजे उंदीर नुसतं पोट भरत नव्हता, तो कस मोजत होता.

कोंबड्या पाळणाऱ्यांना हे व्यवहारातून माहीत असतं. खाद्यात कस वाढवला की कोंबडी खाद्य कमी खाते. मग त्या थोड्या खाद्यातून तिला प्रथिनं कमी मिळतात आणि अंडी घटतात. म्हणून कस वाढवताना प्रथिनंही त्या मानाने वाढवावी लागतात.

गाईच्या बाबतीत उलटी गंमत आहे. नुसतं वाळलेलं गवत किंवा भाताचा पेंढा घातला, तर गाय भुकेली असूनही कमी खाते. कारण पेंढ्यात प्रथिनं फार थोडी. त्यामुळे कोठीतले जंतूच उपाशी राहतात. ते पेंढा पचवत नाहीत, कोठी रिकामी होत नाही, आणि गाय पुढचं खाऊ शकत नाही. अशा वेळी थोडी सरकी पेंड किंवा शेंगदाण्याची पेंड दिली, की जंतूंना बळ येतं आणि गाय तोच पेंढा जास्त खाते. आधी जंतूंचं पोट, मग गाईचं!

व्यायल्यावर गाईचं दूध लवकर चढतं, पण तिची भूक मागाहून वाढते. दूध दीड-दोन महिन्यांत शिगेला पोचतं. खाणं त्या मापाला यायला आणखी काही आठवडे जातात. मधल्या काळात गाय अंगावरची चरबी मोडून दूध देते. घेतलेल्या कर्जावर घर चालवावं तसं. या दिवसांत तिला चांगला चारा देणं, ही आपलीच जबाबदारी.

उन्हाळ्यात नेमकं उलट होतं. वैरण पोटात आंबताना उष्णता तयार होते. बाहेर ऊन, आत ही भट्टी. म्हणून चैत्र-वैशाखात गाय दुपारी तोंड फिरवते. तिला वैरण पहाटे आणि रात्री घालावी.

मेंदू आणि चरबीचा निरोप

पोट, जीभ आणि जमाखर्च यांचे निरोप शेवटी जातात कुठे? मेंदूत. मेंदूच्या तळाशी एक लहानसा भाग आहे. त्याचं नाव हायपोथॅलॅमस. तिथे भुकेचा तराजू आहे म्हणा ना.

१९४० साली अमेरिकेतल्या दोघा शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूतला तिथला एक ठिपक्याएवढा भाग निकामी केला. उंदीर खात सुटले आणि लठ्ठ झाले. १९५१ साली आपले डॉ. बालकृष्ण आनंद हे अमेरिकेत येल विद्यापीठात काम करत होते. त्यांनी जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर त्याच भागाच्या बाजूचा ठिपका शोधला. तो निकामी केला, तर उंदीर खाणंच सोडून देत. पुढ्यात खाद्य असूनही ते उपाशी राहत. हेच डॉ. आनंद पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. पुढच्या संशोधनाने दाखवलं की काम एकट्या ठिपक्याचं नाही. मेंदूच्या अनेक जागा मिळून हा तराजू धरतात. पण वाट दाखवली ती या प्रयोगांनी.

मग प्रश्न आला. अंगात किती साठा आहे, हे मेंदूला सांगतं कोण?

याचं उत्तर एका लठ्ठ उंदराने दिलं. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांची एक जात आढळली. १९५० साली तिची माहिती प्रसिद्ध झाली. हे उंदीर सतत खात आणि वजनाने इतरांच्या दुप्पट-तिप्पट होत. पुढे तिथल्या डग्लस कोलमन यांनी असा एक उंदीर आणि एक साधा उंदीर, यांचं रक्त एकमेकांत फिरेल अशी जोडणी केली. तेव्हा लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं! साध्या उंदराच्या रक्तातून 'पुरे' हा निरोप त्याला मिळत होता. त्याच्या स्वतःच्या अंगात हा निरोप तयारच होत नव्हता. १९९४ साली न्यूयॉर्कचे जेफ्री फ्रीडमन आणि त्यांचे सहकारी यांनी त्या निरोपाचं मूळ शोधून काढलं. तो निरोप चरबीच पाठवते. त्याला लेप्टिन असं नाव मिळालं.

कुत्र्यांतही असंच एक उदाहरण आहे. लॅब्राडॉर जातीचे कुत्रे खादाड म्हणून प्रसिद्ध. २०१६ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की त्यांतल्या साधारण चारांपैकी एकाच्या वंशसूत्रात एक लहानसा तुकडा नाहीसा झालेला असतो. त्यामुळे 'पुरे' हा निरोप त्याच्या मेंदूत नीट उमटत नाही. मालक रागावतो, "हावरट कुठला!" पण त्या बिचाऱ्याला भूक खरोखरच लागलेली असते.

चांगला तराजू कसा फसतो?

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, "तराजू इतका चोख आहे, तर धडधाकट जनावर जास्त खातंच कसं?"

पंगतीत बसलेल्या पाहुण्याकडे पाहा. तो ताटावर हात आडवा धरतो. "आता एक घासही नको!" म्हणतो. इतक्यात जिलबीचं ताट येतं, आणि त्याचा हात बाजूला होतो. पोट तेच, पण चव बदलली. एका चवीचा कंटाळा आला म्हणजे सगळ्या चवींचा येतो असं नाही. नव्या चवीबरोबर भूक नव्याने जागी होते.

उंदरांचंही तसंच. १९७६ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी मोठे उंदीर घेतले. काहींना नेहमीचं कोरडं खाद्य दिलं. काहींना त्याबरोबर दुकानातले बिस्किट, चॉकलेट, चीज, मांसाचे खारवलेले तुकडे असे अनेक पदार्थ दिले. कोणी बळजबरी केली नाही. तरीही दोन महिन्यांत दुसऱ्या गटाचं वजन पहिल्या गटापेक्षा कितीतरी जास्त वाढलं. कस मोजणारा तोच उंदीर गोडधोडापुढे हिशेब चुकला.

कारण असं. रानात गोड, तेलकट आणि मऊ असं अन्न एकत्र, ढिगाने कधी मिळत नाही. मध मिळाला तर त्याभोवती माशा असतात. फळ मिळालं तर चार दिवसांत हंगाम सरतो. उलट उपासमार नेहमीची. म्हणून शरीराने उपाशी न मरण्याची तजवीज पक्की केली आणि जास्त न खाण्याची कच्ची ठेवली. थंड देशातलं अस्वल हिवाळ्याआधी अनेक आठवडे अखंड खातं. त्या चरबीवर ते सारा हिवाळा गुहेत काढतं. तिथे जास्त खाणं हा रोग नव्हे, शहाणपण आहे. तेच शहाणपण माणसाने मांडलेल्या ढिगापुढे घात करतं.

आता त्या गाईकडे परत येऊ. तिच्या जिभेने सांगितलं, "गोड आहे, ताकद आहे, खा." तिच्या कोठीने सांगितलं, "अजून जागा आहे." तिच्या पिढ्यानपिढ्यांनी सांगितलं, "मिळतंय तोवर खाऊन घे." तिघांनीही आपापलं काम चोख केलं. एकट्या माणसाने केलं नाही. उष्ट्याचा ढीग उघडा टाकला तो माणसाने. दावं कच्चं ठेवलं तेही माणसाने.

म्हणून आम्ही म्हणतो, गाय हावरी नव्हती. जनावराचा ब्रेक जिथे संपतो, तिथे आपला हात पाहिजे.

हे करा

१. लग्नाचं, जत्रेचं उरलेलं अन्न उघड्यावर टाकू नका. खोल खड्ड्यात पुरा.
२. धान्याची पोती आणि पेंडीची गोणी जनावराच्या तोंडाला येईल अशी ठेवू नका. रात्री दावं तपासा.
३. खुराक वाढवायचा तर एकदम वाढवू नका. दोन-तीन आठवडे लावून थोडा थोडा वाढवा.
४. उपाशी पोटी खुराक घालू नका. आधी वैरण घाला. दिवसाचा खुराक दोन-तीन वेळा विभागून द्या.
५. जनावराने धान्य किंवा भात फार खाल्ला असं कळलं, की ते आजारी दिसण्याची वाट पाहू नका. खुराक बंद करा. त्याच घटकेला जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

शब्दांचे अर्थ

कस – अन्नातली ताकद
खुराक – धान्य, पेंड, भुसा यांचं जनावराला दिलेलं खाद्य
पिष्ट – तांदूळ, ज्वारी, बटाटा यांतला पिठूळ भाग
चयापचय – अन्नातून शरीर चालवण्याचा जमाखर्च

सांगा पाहू

१. वैरण खाताना गाय कधी थांबते? भात खाताना वेळेवर का थांबत नाही?
२. गाय भिंत चाटते, तेव्हा ती काय सांगत असते?
३. पेंड दिल्यावर गाय पेंढा जास्त का खाते?
४. तुमच्या गावात उरलेल्या अन्नाचं काय करतात? चारचौघांत बसून बोला, आणि पुढच्या लग्नाआधी एक खड्डा ठरवून ठेवा.